उंदीर गप्प का बसला

अक्का, परवा प्रयोगशाळेत तुमची शोकसभा झाली. तुमच्या टेबलावर शेवंतीचा हार ठेवला होता, तोही नेमका तुम्ही तराजू ठेवायचात त्या जागी. साहेब बोलायला उभे राहिले. तुमचं शिक्षण, तुमचे शोधनिबंध, तुमची शिस्त, सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "त्या अत्यंत शांतपणे गेल्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. माझ्या कानात तुमचा आवाज आला, "शांतपणे? कशावरून गं, सुलू?"

साहेब तिथं नव्हते. त्यांनी ऐकीव सांगितलं, आणि ऐकीव गोष्ट तुमच्यापुढे कधी टिकली नाही. मी तिथं होते. आता तेराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुमचा भाऊ विमानाच्या कारखान्यात परत कामाला जायला लागला. म्हटलं, बसून तुम्हालाच नीट सांगावं, शांतपणे गेलात की नाही, आणि गेलात तर कशावरून. मी तुमची भावजय आहे, पुराव्याशिवाय बोलायची सवय तुम्हीच मोडलीत.

आठवतंय ना, मी आले कशी? राज्यं नव्यानं आखली गेली, आमचं बेळगाव तुमच्या म्हैसूर राज्यात आलं, आणि पाठोपाठ लग्न होऊन मीही आले. तुम्ही म्हणायचात, "बेळगाव आलं ते आलं, वर ही एक भांडखोर घेऊन आलं." तुमच्या घराण्यातले लोक तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बेंगळुरात उतरलेले, त्यामुळे तुमच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की वेगळं काढता येऊ नये. मला कन्नड येत होतं. पण सासूबाई दोन्ही भाषा कालवून "स्वल्प मीठ घाल आणि सुम्ने बस" म्हणाल्या तेव्हा मी हातात मिठाची वाटी घेऊन बघतच राहिले. सुम्ने म्हणजे उगी, गप्प, काही न करता. मला उगी बसायला सांगितलेलं ते पहिलं आणि शेवटचं, कारण दुसऱ्या आठवड्यात तुम्ही माझ्या ट्रंकेतली रसायनशास्त्राची पदवी पाहिलीत.

"आई," तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हिला चुलीपुढं बसवलंस तर हिचं डोकं करपेल. हिला माझ्याबरोबर पाठव. भाकरी मी थापीन दोघींच्या वाटची."

भाकरी तुम्ही जन्मात थापली नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण मला दाराबाहेर काढलंत. मल्लेश्वरमच्या आपल्या घरापासून प्रयोगशाळेपर्यंत झाडांखालून रोज चालत जायचं आणि रोज भांडत जायचं, हे माझं खरं माप ओलांडणं होतं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "सरी सरी, कळलं, पुरे. काल केलेल्या आम्लाचं काय झालं ते सांग."

आपलं भांडण मुळात त्या आम्लावरूनच. अमिनो आम्लं म्हणजे डाळीतून, दुधातून पोटात जाणाऱ्या प्रथिनांचे चिरे, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण त्यांतली काही आम्लं मेंदूत आणि मज्जारज्जूत मोकळी हिंडताना सापडली होती, आणि मज्जापेशीवर टाकली की पेशी वेगळीच वागायची. एक आम्ल तिला चेतवायचं. त्याच आम्लातून कार्बन डायऑक्साइडचा तुकडा काढून टाकला की उरायचं ते तिला गप्प करायचं. एवढासा फरक, आणि भांडणारी पेशी गपगार. मला या गोष्टीनं वेडच लावलं होतं. मी म्हणायची, पेशीच्या अंगावर या आम्लांना ओळखणाऱ्या जागा असणार, ग्राही असणार. आम्ल त्या जागेवर बसतं आणि पेशीला निरोप मिळतो. चटक्याचा निरोप वर मेंदूकडे नेणाऱ्या पेशींना जर हे गप्प करणारं आम्ल मिळालं, तर दुखणं वाटेतच अडेल.

"ग्राही पाहिलास तू?" तुम्ही विचारायचात.

"कुणीच पाहिला नाही अजून."

"म्हणजे न पाहिलेल्या कुलपाची किल्ली घडवतेस. आणि निरोप कुणाच्या हाती, तर आमटीतल्या आम्लाच्या. अगं, जे घरोघर ताटात पडतं ते निरोप्याचं काम करील होय? निरोप्या दुर्मीळ हवा. नाहीतर पेशी कुणाकुणाचं ऐकेल?"

तुम्हीच काही एकट्या असं म्हणत नव्हतात. परदेशातले मोठमोठे लोकही तेच म्हणत होते. मी मात्र हट्टाला पेटले होते. एक अडचण होती. ते आम्ल नुसतं टोचलं तर मेंदूच्या दारावरचा पहारा त्याला आत सोडत नाही, रक्तातूनच बाहेरच्या बाहेर फिरून जातं. म्हणून मी त्याला एक वलय जोडलं, कार्बनचं. स्निग्ध अंगाचं झालं की पहाऱ्यातून सटकेल, असा माझा हिशेब. वलय जोडता जोडता माझी किती काचेची भांडी फुटली आणि तुम्ही भांडारवाल्याशी किती वेळा माझ्या वतीनं भांडलात, ते तुम्हाला ठाऊक.

माझं काम आम्लं बनवायचं, तुमचं ती उंदरांवर तपासायचं. तुमची रीत मी डोळे मिटून सांगू शकते. उंदराला जाळीच्या नळीत ठेवायचं, शेपटी बाहेर. शेपटीवर दिव्याचा झोत सोडायचा. चटका जाणवला की तो शेपटी झटकतो, आणि तेवढ्यात दिवा बंद. दुखणं मारणारं औषध असेल तर झटका उशिरा येतो. दिवा लावण्याआधी तुम्ही दोन गोष्टी करायचात. पहिली, झोत स्वतःच्या बोटावर घेऊन पाहायचा. दुसरी तुम्हाला स्वतःला ठाऊक नव्हती. तुमच्या उजव्या कानापुढे एक बट कायम सुटायची. बोटांना उंदरांचा वास, म्हणून तुम्ही मनगटाच्या मागच्या बाजूनं ती कानामागे सारायचात आणि मग खटका दाबायचात. मी पहिल्या दिवशीच हेरलं होतं.

आणि तुमचा तो नियम. उंदरानं शेपटी झटकलीच नाही, तरी ठरल्या वेळेला दिवा विझवायचाच. मी नवखी असताना म्हटलं होतं, अजून थोडं थांबून बघू की, किती सोसतो ते. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंत की मी वितळायची बाकी राहिले. "ज्याला सांगता येत नाही, त्याचा दिवा आपण विझवायचा असतो," असं म्हणून तुम्ही पुढचा उंदीर घेतलात.

मग तो कुंद्याचा दिवस. माझं वलयवालं आम्ल टोचलेल्या उंदरांनी एकामागून एक शेपट्या हलवल्याच नाहीत. दिवा लागतोय, विझतोय, उंदीर ढिम्म. मला आनंद आवरेना. आईनं बेळगावाहून खव्याचा कुंदा पाठवला होता तो घरी धावत जाऊन आणला आणि साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटला. तुम्हीही खाल्लात. बोटं चाटलीत. मग म्हणालात, "कुंदा ब्येस आहे. आता त्यांतला एक उंदीर इकडं आण."

तुम्ही त्याला फिरत्या दांड्यावर ठेवलंत. चांगला उंदीर त्यावर मजेत चालतो. माझा उंदीर ओल्या फडक्यासारखा खाली पडला. दुसरा पडला. तिसराही.

"सुम्ने बसला म्हणजे सुखात आहे होय गं?" तुम्ही शांतपणे विचारलंत. "तुझ्या आम्लानं याचे स्नायू सैल केलेत. चटका बसत असेल, भरपूर बसत असेल. पण झटकायला अंगात त्राण नको? हा गप्प का बसला, ते तू विचारलंच नाहीस."

सगळ्यांच्या तोंडात माझा कुंदा, आणि माझी ही शोभा. मी घरी येऊन तुमच्याशी अबोला धरला. ताट वाढताना भांडी आपटली. सासूबाई म्हणाल्या, "नणंदा-भावजया दागिन्यांवरून भांडतात, साड्यांवरून भांडतात. उंदरावरून भांडलेल्या या दोघीच." तुम्हाला हसू फुटलं, मग मलाही फुटलं, आणि अबोला तिथंच संपला. पण तुमचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. गप्प बसण्याचे दोन अर्थ असतात आणि वरून ते हुबेहूब सारखे दिसतात, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

मग आपण मात्रा कमी केली. आणखी कमी केली. आता उंदीर दांड्यावर झोकात चालायचे आणि शेपटीही थोडी उशिरा झटकायचे. मी म्हणायची, बघा, आता स्नायू ठीक आहेत, म्हणजे दुखणंच कमी झालंय. तुम्ही म्हणायचात, "स्वल्प फरक आहे. स्वल्पानं कुणाचं भलं झालंय? मला दुसरी काहीतरी खूण दाखव. शेपटीला विचारून झालं."

ती खूण सापडली खंडेनवमीला, आणि सापडली ती केवळ आपल्या रिवाजामुळे. आयुधपूजेच्या दिवशी बेंगळुरात कुठलंही यंत्र चालत नाही. कारखान्यात लेथला हार, बसला हार, आणि आपल्या प्रयोगशाळेत तुमच्या दिव्याला हार. सकाळी तुम्ही दिव्याला हळदकुंकू लावलंत, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडलात, पिंजऱ्यांवर शेवंतीच्या माळा सोडल्यात. एक उंदीर ती माळच खायला लागला. पूजा झालेलं यंत्र दसरा उजाडेपर्यंत चालवायचं नाही. मला मात्र धीर कुठला. माझी नवी कुपी तयार होती.

"उद्या," तुम्ही म्हणालात. "आज दिव्याला सुट्टी, उंदरांना सुट्टी, आणि तुलाही. शेंगा खा."

तर आपण दोघी शेंगा सोलत पिंजऱ्यांपुढे बसलो. दोन शेंगा आपल्याला, एक उंदरांना. इतकी वर्षं आपण त्यांच्या शेपट्याच बघत होतो, त्यांच्या तोंडाकडे असं रिकामपणी कधी पाहिलंच नव्हतं. उंदीर किती वेळा तोंड धुतो, अक्का. पुढचे दोन्ही पंजे चाटून, नाकावरून, मिशांवरून, कानामागून फिरवत राहतो. शेंग खाल्ली की धुतो, झोपेतून उठला की धुतो. एकच उंदीर कोपऱ्यात होता. त्याचा पाय दुसऱ्यानं चावून सुजला होता. त्याला तुम्ही सकाळीच वेगळं काढून मलम लावलं होतं. तो खात होता, हलत होता, पण तोंड मात्र धूत नव्हता. मिशांना माती तशीच.

तुम्ही शेंगा सोलायच्या थांबलात. "सुलू, कुपी आण. थोडीशीच मात्रा."

"आज सुट्टी आहे ना?"

"दिव्याला सुट्टी आहे. त्याच्या पायाला कुठाय?"

टोचलं. शेंगांचा ढीग संपत आला तेव्हा तो कोपऱ्यातून पुढे आला, अडखळला नाही, पडला नाही. सुजका पाय जरा उचलून बसला आणि त्यानं तोंड धुतलं. सावकाश, नाकापासून कानांपर्यंत, दोनदा. मी तुमच्या दंडाला चिमटाच काढला. दुखणाऱ्या जिवाला स्वतःचं तोंड आठवत नाही. दुखणं हटलं की सगळ्यात आधी तो स्वतःला सारखं करतो. हे तुमचे शब्द, आणि बोलताना तुमचा आवाज जरा कापला होता, हेही मी टिपलं. लगेच सावरून म्हणालात, "पण एका उंदरावरून काही ठरत नाही. एक म्हणजे गोष्ट झाली. पिंजरे भरून उंदीर घे, मग बोल."

ते पिंजरे भरायचे राहिले. कारण त्यानंतर तुम्ही आजारी पडलात.

पडलात म्हणते, पण तुम्ही आधीच आजारी होतात, आणि याबद्दल मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर कधी विश्वास न ठेवणारी बाई, आपल्या पाठीत आगडोंब उसळलेला असताना स्वतः मात्र सुम्ने कामाला येत राहिली. स्टुलावर बसताना टेबलाची कड धरायचात, मी विचारलं की म्हणायचात वय झालं. तुम्हाला वाटलं, सुलूला काय कळतंय. मला कळलं ते त्या बटेवरून. एके सकाळी तुम्ही दिव्याचा झोत बोटावर घेतलात आणि खटका दाबलात. बट गालावर तशीच लोंबत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या हातातून उंदीर काढून घेतला आणि तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं.

मणक्यात गाठ होती. बाहेर पडल्यावर रिक्षात तुम्ही विचारलंत, "तुला कसं कळलं?" मी सांगितलं. तुम्ही गालावरच्या बटेला बोट लावून पाहिलंत. मग म्हणालात, "म्हणजे उंदरानं तोंड धुतलं नाही, असं म्हणायचंय तुला." आणि हसलात. मी नाही हसले. मला रडू येत होतं आणि तुमच्यापुढे रडायची मला लाज वाटत होती.

नंतर अंथरुणावर असताना एकदा तुम्ही म्हणालात, "तुझं ते आम्ल दे की मला टोचून." मी म्हटलं, नाही. उंदरावर सिद्ध झालेलं नाही, माणसाला देणार नाही. तुम्ही डोळे बारीक केलेत. "मी सांगते तरी?" मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तरी. तेव्हा तुम्ही माझा हात थोपटून म्हणालात, "सरी. पास झालीस." अक्का, खरं सांगू, त्या दिवशी मला नापास व्हायचं होतं. तुमची ती कळ बघून कपाटातली कुपी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी नाही म्हणाले ते तुम्हीच घडवलेल्या माझ्या हट्टानं, आणि ते बरोबरच होतं.

आता येते मुद्द्यावर. शेवटच्या आठवड्याकडे.

आपले डॉक्टर भला माणूस, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी दोन औषधं लिहून दिली होती. पाठीचे स्नायू आवळू नयेत म्हणून एक, सैल करणारं, ते रोज. आणि मॉर्फिन, ते मात्र मागितलं तर. मॉर्फिनची सवय लागते, सगळेच डॉक्टर हात राखून देतात. तुमचा आवाज होता तोवर हे चाललं. तुम्ही कधी मागितलंत, कधी दात आवळून राहिलात. मग आवाज गेला. हातपाय गळून गेले. तुम्ही उताण्या पडून होतात, डोळे अर्धे मिटलेले, कुठं हालचाल नाही.

डॉक्टर आले, पाहिलं, कन्नडमध्ये म्हणाले, "आता त्रास नाही त्यांना. किती शांत पडल्या आहेत बघा. मॉर्फिनची गरज दिसत नाही."

तुमचा भाऊ हात जोडून म्हणाला, "देवाची कृपा."

आणि मी, अक्का, मी क्षणभर तेच मानलं. मानावंसं वाटलं. इतके दिवस तुम्हाला तळमळताना पाहिलं होतं, आता ही शांतता किती बरी वाटत होती, काय सांगू. मी तुमच्या कपाळावरचा घाम पुसायला वाकले. घाम गार होता. भुवयांच्या मध्ये बारीक आठी. नाडी धरली तर ती धावत होती. आणि ती बट गालावर चिकटलेली. मला दांड्यावरून पडणारा उंदीर दिसला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "त्या शांत नाहीत. त्यांना हलता येत नाहीये. तुम्ही 'मागितलं तर द्या' म्हणता, पण त्या मागणार कशा? सैल करणारं औषध थांबवा, आणि मॉर्फिन घड्याळ बघून ठरल्या वेळी द्या, न मागता."

डॉक्टर म्हणाले, "स्नायूंचं औषध थांबवलं आणि कळ आली तर तळमळतील त्या."

"तळमळल्या तर निदान आपल्याला कळेल. आणखी देता येईल."

तुमचा भाऊ इतकी वर्षं माझ्यावर आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हा बोलला. "ती शांत आहे, तिला राहू दे ना. तू काय तिला उंदीर समजतेस?"

"उंदराला सुद्धा आम्ही एवढं विचारायचो," मी म्हटलं. "ज्याला सांगता येत नाही त्याचा दिवा आपण विझवायचा असतो. तुमच्या बहिणीनं शिकवलंय मला."

डॉक्टर बराच वेळ तुमच्या नाडीवर बोटं ठेवून उभे राहिले, मग त्यांनी पेटी उघडली. मॉर्फिन शरीरातल्या कुठल्या कुलपात बसतं, हे जगात अजून कुणाला ठाऊक नाही. पण बसतं, एवढं ठाऊक आहे. त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं.

दुसरा दिवस उजाडला. स्नायूंच्या औषधाचा अंमल ओसरत होता. मी आणि तुमचा भाऊ तुमच्या दोन बाजूंना बसलो होतो. मी चुकले असते तर तुमच्या कळा तुम्हाला पुरत्या भोगायला मी लावल्या असत्या, आणि हे मला त्यानं कधी माफ केलं नसतं, मीही केलं नसतं. बाहेर फुलवाली ओरडत गेली. ऊन खिडकीतून तुमच्या पायांवर आलं. दुपारी तुमची बोटं हलली.

तुमचा भाऊ ताडकन उठला. "कळ येतेय तिला."

"थांबा," मी म्हटलं.

तुमचा उजवा हात चादरीवरून सुटला. सावकाश वर आला, थरथरत, छातीपर्यंत आला, तिथं टेकला. मला वाटलं संपलं. मग तो पुन्हा उचलला गेला. चेहऱ्यापर्यंत गेला. मनगट वळलं, आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं तुम्ही ती गालावरची बट कानामागे सारलीत. एकदा नीट बसली नाही म्हणून पुन्हा सारलीत.

भुवयांमधली आठी नव्हती. नाडी संथ होती. हात चादरीवर परत ठेवून तुम्ही डोळे मिटलेत ते कुणी झोपायला डोळे मिटतं तसे. तुमचा भाऊ मला विचारत होता, काय झालं, काय झालं. त्याला दांडा ठाऊक नव्हता, शेंगा ठाऊक नव्हत्या, तो सुजका पाय ठाऊक नव्हता. मी त्याला एवढंच म्हटलं, "अक्कांना दुखत नाहीये." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. पुढच्या सकाळी, ऊन पायांवर यायच्या आत, तुम्ही गेलात.

घरात आता फार सुनं वाटतं, अक्का. कॉफी गाळताना दोन पेले काढते. भांडायला माणूस नाही. सासूबाई म्हणतात, जेव गं, आणि मी जेवते, पण समोर बसून "डाळीतलं आम्ल आधी खाऊन घे, मग त्याला निरोप्या कर" असं कुणी म्हणत नाही. मी जी काही झाले ती तुमच्यामुळे झाले. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, तर आता सांगितलं.

सोमवारपासून मी कामाला जाते. तुमच्या टेबलावरचा हार वाळला असेल, तो काढीन आणि तराजू जागेवर ठेवीन. आमटीतलं आम्ल निरोप्या असतं, हे मी तुम्हाला दाखवणार आहे, आज ना उद्या. शेपट्या बघणार नाही, तोंडं बघेन. पिंजरे भरून उंदीर घेईन, कमी मात्रेचे वेगळे, जास्तीचे वेगळे, नुसतं पाणी टोचलेले वेगळे, जसं तुम्ही म्हणालात तसं. एका उंदरावरून काही ठरत नाही, मान्य.

पण अक्का मला एकच होती. दुसरी कुठून आणू? तिच्यावरून जे ठरलं ते ठरलं. तुम्ही शांतपणे गेलात. मी पाहिलं.